सदरा आटला, कापड गेलं कुठं?

जून महिना आला की घराघरांत एकच गडबड उडते. नव्या वह्या, नवे दप्तर आणि नवा गणवेश! "जरा मोठाच द्या हो, धुतल्यावर आटेल," असे आई दुकानदाराला सांगते. तुम्ही आरशासमोर उभे राहता, तर बाह्या बोटांपर्यंत आलेल्या! मग दोन-तीन धुणी होतात. एके दिवशी शर्ट घालता आणि पाहता तो काय, बाही मनगटाच्याही वर सरकलेली! पंधरा दिवसांत तुमचा हात काही एवढा लांब झालेला नसतो. मग ते कापड गेलं कुठं?

चला, या चोरीचा तपास करू या.

पहिली गोष्ट म्हणजे चोरी झालेलीच नसते. नव्या कापडाला लावलेली खळ पाण्यात निघून जाते, तेवढेच काय ते कापड हलके होते. सुताचा एक धागासुद्धा हरवत नाही. खात्री करून घ्यायची आहे? साध्या सुती कापडाचा एक न धुतलेला तुकडा घ्या आणि त्याच कापडाचा दोन-तीनदा धुतलेला तुकडा घ्या. भिंगाखाली धरा आणि एका सेंटीमीटरमध्ये किती धागे बसतात ते टाचणीच्या टोकाने मोजा. धुतलेल्या तुकड्यात जास्त धागे मिळतील. म्हणजे कापड कमी झाले नाही, धागे जवळजवळ सरकले. कापड दाटले. त्यालाच आपण 'आटलं', 'आखडलं' किंवा 'आक्रसलं' म्हणतो.

बाबांच्या गणवेशाचा प्रश्न

तुमच्यापैकी जे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी किंवा चाकणला राहतात, त्यांच्या घरात एक गणवेश शाळेचा असतो आणि दुसरा कंपनीचा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो, ते स्थापन झाले. मग ट्रक, स्कूटर, सुटे भाग बनवणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. पुढे ही रांग चाकणपर्यंत पोचली. आज भल्या पहाटे रस्त्यावर उभे राहिलात, तर निळ्या, खाकी, राखाडी कपड्यांतली माणसे हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहताना दिसतील.

तुमच्या शर्टाची बाही आखूड झाली, तर फार तर वर्गातली मुले हसतील. पण वेल्डिंग करणाऱ्या माणसाची बाही आखूड झाली तर? हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची उघडी पट्टी राहते. तिथे ठिणगी पडली की चटका बसलाच! बरं, आटेल म्हणून दोन मापे मोठा शर्ट घेतला तर? मग धोका उलट बाजूने येतो. लेथ किंवा ड्रिल मशीनचा फिरणारा भाग ढगळ बाहीचे टोक पकडतो, आणि कापडाबरोबर हातही ओढला जातो. म्हणून तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहून ठेवले होते, की चालू यंत्राजवळ जाऊन काम करावे लागणाऱ्या कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखान्याने पुरवावेत.

पाहिलंत? आखूडही नको, ढगळही नको. अंगाबरोबर बसणारा आणि धुतल्यावरही तसाच राहणारा कपडा हवा. कापड किती आटते आणि का आटते, हे समजून घेणे म्हणजे नुसती घरकामातली हुशारी नव्हे.

कुणी म्हणेल, "मग टेरिकॉट वापरा की! ते आटत नाही." बरोबर आहे. टेरिकॉटमधले पॉलिएस्टर जवळपास पाणी पीत नाही. पण पॉलिएस्टर हे एक प्रकारचे प्लॅस्टिक आहे. सुमारे २५० ते २६० अंश सेल्सियसला ते वितळते आणि वितळलेले प्लॅस्टिक कातडीला चिकटते. सूत वितळत नाही. ते काळे पडते, करपते, फार उष्णता मिळाली तर पेटतेही, पण चिकटून बसत नाही. म्हणून वेल्डिंग आणि भट्टीच्या कामाला आजही जाड सुती कापड किंवा लवकर पेट घेऊ नये म्हणून खास प्रक्रिया केलेले सुती कापड वापरतात. शिवाय सूत घाम टिपते. तेव्हा सूत सोडून चालायचे नाही. त्याचा स्वभाव ओळखून वागायचे.

सुताचा स्वभाव

विदर्भात किंवा खानदेशात गेलात तर कपाशीचे शेत जरूर पाहा. बोंड कोवळे असताना आतला प्रत्येक तंतू म्हणजे एक बारीक, ओली नळी असते. बोंड फुटते, ऊन लागते, नळी सुकते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. असा एकेक तंतू दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा आणि केसाहून कितीतरी बारीक असतो. असे असंख्य तंतू एकत्र पिळून सूत होते.

आता सुताचा प्रवास पाहा. कातताना ते ओढले जाते. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ बांधून ठेवतात. त्यातून आडवे धागे, म्हणजे बाणा, इकडून तिकडे धावतात. मग ते कापड धुणे, रंगवणे, सुकवणे यांसाठी रुळांवरून लांबच्या लांब ओढत नेतात. या सगळ्या प्रवासात सूत ताणलेलेच असते, आणि ताणलेल्या स्थितीतच ते सुकते. कापूस सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा बनलेला आहे. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींचे हात घट्ट धरून बसतात, त्यामुळे कोरड्या कापडातला ताण तसाच आत कोंडून राहतो.

तुम्ही कापड पाण्यात टाकले की काय होते? पाणी त्या साखळ्यांमध्ये शिरते आणि त्यांचे हात सैल करते. कोंडलेला ताण सुटतो. दिवसभर ताठ उभे राहिलेल्या माणसाने घरी येऊन अंग सैल सोडावे, तसे सूत आखडून आपल्या मूळ जागी येते. (इस्त्री करण्याआधी आपण कपड्यावर पाणी का शिंपडतो, तेही इथेच कळेल. पाण्याने हात सैल होतात, इस्त्रीने कापड सपाट होते आणि सुकले की हात पुन्हा घट्ट बसतात!)

दुसरे कारण आणखी मजेदार आहे. पाणी प्याल्यावर कापसाचा तंतू फुगतो. लांबीत तो जेमतेम वाढतो, पण जाडीत चांगलाच वाढतो. जाडी वाढली तर कापड मोठे व्हायला हवे ना? मग ते लहान का होते?

करून पाहा : पेन्सिली आणि बुटाची नाडी

एका कागदावर दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर सहा रेघा मारा. प्रत्येक रेघेवर एकेक पेन्सिल ठेवा. आता बुटाची नाडी एका पेन्सिलीवरून, पुढच्या पेन्सिलीखालून, अशी विणत न्या. नाडी पहिल्या पेन्सिलीपाशी सुरू झाली आणि शेवटच्या पेन्सिलीपाशी संपली, की त्या दोन्ही ठिकाणी नाडीवर पेनने खूण करा. मग पेन्सिली काढून त्या रेघांवर जाड स्केचपेन ठेवा आणि नाडी पुन्हा तशीच विणा. पहिली खूण पहिल्या स्केचपेनपाशी धरलीत, तर दुसरी खूण शेवटच्या स्केचपेनपर्यंत पोचत नाही! नाडी तेवढीच आहे, पण जाड काठ्यांना वळसे घालण्यात तिची लांबी खर्च झाली.

कापडातही हेच घडते. धागे फुगले की एकमेकांना वळसा घालायला जास्त लांबी लागते. धागा काही रबर नव्हे, तो लांब होत नाही. म्हणून शेजारचे धागे जवळ सरकतात. वाळल्यावर धाग्यांची फूग उतरते, पण सरकलेले धागे आपणहून परत जागेवर जात नाहीत. कापड दाटलेलेच राहते.

आता एक कोडे सुटेल. शर्टाची छाती फारशी घट्ट होत नाही, पण बाही आणि पँटची लांबी मात्र कमी होते, असे का? कारण शिंपी कापड बेतताना बहुधा उभे धागे लांबीच्या दिशेने ठेवतो. आणि मागावर, रुळांवर सगळ्यात जास्त ताणलेले असतात ते उभे धागेच! जो जास्त ताणला गेला, तो जास्त आटणार. बनियन किंवा टी-शर्टचे कापड तर ताणा-बाण्याचे नसते, एकात एक अडकवलेल्या टाक्यांचे असते. हे टाके लांबीत ओढले गेलेले असतात. धुतल्यावर ते गोलसर होतात. म्हणून टी-शर्ट आखूड होतो आणि कधी कधी रुंदही होतो.

प्रक्रिया न केलेले सुती कापड दर १०० सेंटीमीटरला ५ ते १० सेंटीमीटरसुद्धा आटू शकते. त्यातला बराचसा भाग पहिल्याच धुण्यात आटतो. गरम पाणी आणि जोराची घुसळण असेल तर पुढच्या काही धुण्यांतही थोडे-थोडे आटते. मग मात्र कापड स्थिर होते.

कॉलरने लावला शोध

आटणाऱ्या कापडावर कायमचा उपाय काढला तो अमेरिकेतल्या सॅन्फर्ड क्लूएट नावाच्या इंजिनिअरने. न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. तिथे पूर्वी सुट्या कॉलरी बनवण्याचा मोठा धंदा होता. रोज सगळा शर्ट धुण्याऐवजी मळलेली कॉलर तेवढी काढून धुवावी, ही युक्ती १८२७ च्या सुमारास त्याच गावातल्या हॅना माँटेग्यू नावाच्या गृहिणीला सुचली, असे सांगतात. पण पहिल्या महायुद्धानंतर लोकांना शर्टालाच शिवलेली मऊ कॉलर आवडू लागली. मग पंचाईत झाली. धुतल्यावर कॉलर आटायची आणि गळ्याशी आवळायची! क्लूएट ज्या कंपनीत काम करत होता, ती कॉलरी आणि शर्ट बनवणारी कंपनी त्याच्याच घरच्या लोकांची होती. म्हणजे हा प्रश्न त्याच्या दारातच येऊन बसला होता.

त्याने विचार केला, की ओढल्यामुळे कापड लांबते, तर शिवण्याआधीच ते उलट ढकलून दाट का करू नये? पण कापड ढकलायचे कसे? दोरी ओढता येते, ढकलता येते का? ढकलली की ती वाकते.

त्याची युक्ती तुमच्या कंपासपेटीतल्या खोडरबरावर पाहता येते. लांबट खोडरबराच्या वरच्या बाजूवर पेनने शेजारी शेजारी पाच आडव्या रेघा मारा. आता रबर धनुष्यासारखे वाकवा, रेघा बाहेरच्या बाजूला येऊ द्या. रेघा एकमेकींपासून दूर गेल्या ना? रबर सरळ करा. रेघा परत जवळ आल्या. आता कल्पना करा, की वाकलेल्या रबरावर ओलसर कापड घट्ट दाबून बसवले आणि मग रबर सरळ होऊ दिले. रबराबरोबर कापडालाही आखडावेच लागेल!

या युक्तीवर चालणाऱ्या आजच्या यंत्रात रबराचा जाड पट्टा एका रुळाला वळसा घालून जातो. वळणावर पट्ट्याची बाहेरची बाजू ताणली जाते. तिथेच वाफेने दमट केलेले कापड त्यावर टेकवतात. पुढे पट्टा आखडतो, त्याच वेळी तापलेल्या मोठ्या रुळाने कापड दाबून धरलेले असते. त्यामुळे त्याला वाकायला जागा नसते आणि धागे मुकाट्याने जवळ सरकतात. मग त्याच स्थितीत कापड सुकवतात. १९३० च्या सुमारास या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि सॅन्फर्ड या नावावरून तिला नाव पडले 'सॅन्फोरायझिंग'. असे कापड धुतल्यावर साधारण १०० सेंटीमीटरला १ सेंटीमीटरहूनही कमी आटते. आजीला विचारा. मिलच्या कापडाच्या काठावर 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का असायचा, हे तिला नक्की आठवेल. आजही अशी प्रक्रिया होते, फक्त लेबलवर पुष्कळदा 'प्री-श्रंक' एवढेच लिहिलेले असते.

आजीचे शास्त्र

अर्थात यंत्र येण्याआधीही आपल्याकडच्या बायकांना हे ठाऊक होते. साडीला फॉल लावण्याआधी तो भिजवून, वाळवून घेतात, पाहिलंय ना? साडी एक आणि फॉल सुती. फॉल नंतर आटला तर साडीच्या काठाला चुण्या पडतील, म्हणून आधीच त्याला आटू द्यायचे. ब्लाऊजच्या अस्तराचेही तेच. आणि शिंपी शिवणीच्या आत जी जास्तीची पट्टी दुमडून ठेवतो, तिला काय म्हणतात माहीत आहे? माया! कपडा आटला किंवा मूल वाढले, तर ही माया उसवून कपडा मोठा करता येतो.

मग आपण काय करायचे? लक्षात ठेवा.

१. कापड घेऊन शिवणार असाल तर आधी भिजवा. पिंपरी कॅम्पातून कापड आणले की थेट शिंप्याकडे नेऊ नका. बादलीत साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. रंग जाईल असे वाटले तर ते कापड वेगळे भिजवा. पिळू नका, नुसते निथळू द्या. सावलीत वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा आणि मग माप घेऊन कापा.

२. पुढे ज्या पाण्यात धुणार, त्याच पाण्यात आधी भिजवा. कंपनीचा तेलकट गणवेश गरम पाण्यात धुवायचा असेल, तर त्याचे कापडही आधी गरम पाण्यातच भिजवायला हवे. थंड पाण्यात भिजवलेले कापड नंतर गरम पाण्यात आणखी थोडे आटू शकते.

३. तयार कपडा असेल तर आतले लेबल वाचा. पाण्याच्या टबाचे चित्र आणि त्यात ३० किंवा ४० असा आकडा असेल, तर त्याहून जास्त गरम पाणी नको. चौकोनात गोल आणि त्यावर फुली असेल, तर गरम हवेच्या ड्रायरमध्ये तो कपडा घालायचा नाही.

४. 'ड्रायर' शब्दाने फसू नका. आपल्याकडच्या साध्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे गरगर फिरवून पाणी काढणारा जो भाग असतो, त्यालाही आपण ड्रायर म्हणतो. त्यात गरम हवा नसते. कपडा जास्त आटतो तो गरम हवेत उलटापालटा होत सुकणाऱ्या यंत्रात.

५. वाळत घालताना हाताने सारखा करा. ओला शर्ट झटका, बाह्या आणि शिवणी लांबीत हलकेच ओढा. पँट कमरेकडून टांगली तर पाण्याचे वजन तिला खाली ओढते आणि लांबी बरीचशी टिकते. टी-शर्ट मात्र दोरीवर मधोमध दुमडून टाका.

आटून गेलेला कपडा परत मोठा होतो का? थोडासा. पुन्हा ओला करून, हाताने ओढून, दमट असतानाच इस्त्री केली तर एखाद-दोन सेंटीमीटर मिळतात. पण पुढच्या धुण्याला तो बहुधा पुन्हा आखडतो. म्हणून आधीची काळजीच बरी.

तुमचे गणित, तुमचा प्रयोग

नव्या सुती कापडाचा ६० सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा घ्या. आत ५० सेंटीमीटरचा चौकोन न जाणाऱ्या शाईने आखा आणि उभ्या धाग्यांची दिशा बाणाने दाखवा. (कापडाचा विणलेला काठ ज्या दिशेने जातो, ती उभी दिशा.) तुकडा धुवा, वाळवा, सपाट करा आणि पुन्हा मोजा. समजा, उभ्या दिशेने ४८ सेंटीमीटर भरले. म्हणजे ५० ला २ आटले, तर १०० ला किती? ४. म्हणजे कापड ४ टक्के आटले. मग १०० सेंटीमीटर लांबीची पँट किती आखूड होईल? ४ सेंटीमीटर! आणि ६० सेंटीमीटरची बाही? २.४ सेंटीमीटर. कापड प्रयोगशाळांमध्येही असाच चौकोन आखून, कापड धुऊन मोजतात. हा प्रयोग चार जणांनी चार वेगवेगळ्या कापडांवर केला, तर वर्गात लावायला छान तक्ता होईल.

शेवटी एक काम सांगते. आज संध्याकाळी बाबा, काका किंवा आई पाळीवरून घरी आली की त्यांच्या कामाच्या शर्टाची बाही पाहा. हात पुढे करायला सांगा. कफ मनगटावर नीट बसतो का? मागे सरकून कातडी उघडी पडते का? की ढगळ होऊन बोटांवर लोंबतो? बटण जागेवर आहे का? काही चुकत असेल तर तसे त्यांना सांगा. आखूड बाहीच्या शिवणीत माया असेल तर ती उसवता येईल, लोंबणारी बाही शिंप्याकडून बेताची करून घेता येईल, आणि कंपनीकडून नवा गणवेश घेताना माप कुठे बदलायचे तेही कळेल.

आणि हो, पुढच्या जूनमध्ये आईला सांगायला विसरू नका, "आई, आधी कापड भिजवू या, मग माप देऊ या!"